चावडी की गढी? चॅपल हिलच्या स्टोन सेंटरचा कारभार पाहणारी माणसं

नॉर्थ कॅरोलायनातल्या केरी-मॉरिसव्हिल भागात मराठी घरं आता भरपूर झाली आहेत. चार मराठी माणसं जमली की मंडळाच्या स्वतःच्या जागेचा विषय निघतोच. गणपतीला शाळेचं सभागृह भाड्यानं घ्यायचं, मखर कुणाच्या तरी गॅरेजमध्ये ठेवायचं आणि पुढच्या वर्षी पुन्हा तारखांसाठी फोनाफोनी करायची. स्वतःचं छप्पर नसणं म्हणजे काय, हे या मंडळींना वेगळं सांगावं लागत नाही. त्यांच्यापासून गाडीनं अर्ध्या तासावर चॅपल हिलला नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ आहे आणि तिथं बेल टॉवरच्या शेजारी एक तीन मजली विटांची इमारत आहे. तिचं नाव सोन्या हेन्स स्टोन सेंटर फॉर ब्लॅक कल्चर अँड हिस्टरी. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी स्वतःच्या छपरासाठी दिलेला लढा म्हणून ती इमारत ओळखली जाते आणि त्या लढ्याबद्दल बरंच लिहिलं गेलं आहे. लढा उभा राहत असताना आणि संपल्यानंतर ज्यांनी रोज सकाळी त्या केंद्राचं कुलूप उघडलं, त्यांच्याबद्दल फार थोडं लिहिलं गेलं. या प्रकरणात मला त्यांच्याकडे पाहायचं आहे.

आधीचं थोडं

हे विद्यापीठ 1795 मध्ये सुरू झालं. त्याच्या पहिल्या इमारतींच्या बांधकामात गुलाम माणसांचे हात होते. त्यानंतर कृष्णवर्णीय पदवी विद्यार्थी आत यायला 1955 साल उजाडलं. शेजारच्या डरहॅममधल्या हिलसाइड हायस्कूलची तीन मुलं, लिरॉय आणि राल्फ फ्रेझर हे भाऊ आणि जॉन लुईस ब्रँडन, न्यायालयाच्या आदेशानंतर दाखल झाली. 1967 मध्ये विद्यार्थ्यांनी ब्लॅक स्टुडंट मूव्हमेंट ही संघटना काढली. सत्तरच्या दशकात तिला चेस हॉल या भोजनगृहाच्या इमारतीत एक बैठकीची खोली मिळाली. मुलांनी तिचं नाव ठेवलं उपेंडो. स्वाहिली भाषेत उपेंडो म्हणजे प्रेम.

त्याच काळात सोन्या हेन्स स्टोन तिथं शिकवायला आल्या. 1974 पासून आफ्रो-अमेरिकन अभ्यासक्रमाची सूत्रं त्यांच्याकडे होती आणि विद्यार्थी संघटनेच्या सल्लागारही त्याच होत्या. 1979 मध्ये विद्यापीठानं त्यांना टेन्युअर, म्हणजे कायमची नेमणूक, नाकारली. विद्यार्थी आणि गावातली माणसं रस्त्यावर आली आणि पुढच्या वर्षी तो निर्णय फिरला. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढचं सगळं इथंच ठरलं असं मला वाटतं. नोकरी विद्यापीठाची, पण ती टिकली मुलांच्या जोरावर. स्टोन बाईंना दोन्हीकडचं देणं होतं आणि त्यांच्या नावाचं केंद्र ज्यांनी ज्यांनी चालवलं, त्यांच्याही वाट्याला हे दुहेरी देणं आलं.

नऊशे चौरस फूट

1 जुलै 1988 रोजी विद्यार्थी भवनात ब्लॅक कल्चरल सेंटर सुरू झालं. जागा तात्पुरती आणि क्षेत्रफळ सुमारे 900 चौरस फूट, म्हणजे पुण्यातल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटएवढं. त्यात कार्यालय थाटायचं, पुस्तकं ठेवायची, तासांच्या मधल्या वेळेत येणाऱ्या मुलांना टेकायला जागा द्यायची आणि व्याख्यानंही घ्यायची. संचालक म्हणून मार्गो क्रॉफर्ड आल्या.

अशा खोलीत संचालकाचं काम नेमकं काय असतं, हे बाहेरच्यांना चटकन कळत नाही. कार्यक्रमांचं वेळापत्रक आणि अंदाजपत्रक हा त्यातला दिसणारा भाग. वर्गात वीस-पंचवीस जणांत एकटंच बसणारं एखादं मूल दुपारी येतं, काही बोलत नाही, अर्धा तास बसतं आणि जातं. ते कोणत्याच अहवालात येत नाही. बसायला खुर्ची रिकामी ठेवणं हेही कामच असतं. संस्था चालवलेल्या कुणालाही विचारा, सगळ्यात अवघड कामं अशीच असतात, ज्यांच्यासाठी अर्जात रकाना नसतो.

ऑगस्ट 1991 मध्ये स्टोन बाई अचानक गेल्या. विद्यार्थ्यांनी केंद्राला त्यांचं नाव देण्याचा आग्रह धरला आणि ते दिलं गेलं. नाव मोठं झालं, खोली तेवढीच राहिली. स्वतंत्र इमारतीची मागणी आधीपासूनच होती, आता तिला एक चेहरा मिळाला.

1992 चा सप्टेंबर

या टप्प्यावर चार फुटबॉल खेळाडू पुढे आले: जॉन ब्रॅडली, जिमी हिचकॉक, माल्कम मार्शल आणि टिम स्मिथ. त्यांनी ब्लॅक अवेअरनेस काउन्सिल काढली. अमेरिकी विद्यापीठात फुटबॉलच्या शनिवारला काय वजन असतं, हे तिथं राहिलेल्यांना माहीत आहे. स्टेडियम भरवणारी मुलंच विचारू लागली, की आमच्या खेळावर टाळ्या वाजवता, मग आम्हाला बसायला जागा का नाही? हा प्रश्न कागदी निवेदनासारखा बाजूला सारता येत नव्हता.

3 सप्टेंबरच्या रात्री सुमारे तीनशे विद्यार्थी चॅन्सलर पॉल हार्डिन यांच्या घरापर्यंत चालत गेले. चॅन्सलर म्हणजे आपल्याकडचे कुलगुरू. आठवड्याभरात, 10 तारखेला, मोर्चा साउथ बिल्डिंग या प्रशासनाच्या इमारतीवर गेला आणि 13 नोव्हेंबरची मुदत देऊन आला. 18 तारखेला डीन स्मिथ सेंटर या बास्केटबॉलच्या बंदिस्त मैदानात हजारोंची सभा भरली. चित्रपट दिग्दर्शक स्पाइक ली तिथं बोलले.

मागण्यांमध्ये स्वतंत्र इमारत होती आणि स्टोन यांच्या नावानं अध्यासनही होतं. तिसरी मागणी होती विद्यापीठाच्या सफाई कर्मचाऱ्यांना बरा पगार आणि माणुसकीची वागणूक. मला ही तिसरी मागणी फार महत्त्वाची वाटते. हे कर्मचारी बहुतेक कृष्णवर्णीय आणि त्यातही बायका जास्त. वसतिगृहाची शौचालयं धुणारी मावशी आणि त्याच वसतिगृहात राहणारा विद्यार्थी यांचं एकच गाऱ्हाणं एका कागदावर आलं. 1969 मध्येही भोजनगृहातल्या बायकांनी संप केला होता, तेव्हा ब्लॅक स्टुडंट मूव्हमेंट त्यांच्यामागे उभी राहिली होती. म्हणजे संस्कृती या शब्दाचा या मुलांनी घेतलेला अर्थ नाचगाण्यापुरता नव्हता. कोण काम करतं, कोण शिकतं आणि कोणाला नाव मिळतं, हे सगळं त्यात आलं होतं.

हार्डिन यांचा आक्षेप एका वाक्यात सांगता येतो. त्यांना फोरम हवा होता, फोर्ट्रेस नको होता. आपल्या भाषेत बोलायचं तर चावडी चालेल, गढी नको. सगळ्यांना येता येईल अशी जागा ठीक, पण काही जण आत बसतील आणि बाकीचे बाहेर राहतील अशी वेगळी इमारत नको. या आक्षेपात प्रामाणिक काळजी अजिबात नव्हती, असं मी म्हणणार नाही. पण आवाराला लागूनच गोऱ्या मुलांच्या फ्रॅटर्निटींची, म्हणजे निवडक सभासदांच्या विद्यार्थी मंडळांची, घरं कित्येक दशकं उभी होती आणि त्यांना कुणी गढी म्हणत नव्हतं. प्रश्न भिंतींचा नव्हता, भिंतींच्या आत कोण असणार याचा होता.

या सगळ्या गदारोळात मार्गो क्रॉफर्ड यांची जागा पाहा. ज्या केंद्राच्या त्या संचालक, त्याच केंद्रासाठी विद्यार्थी विद्यापीठाविरुद्ध उभे होते आणि त्यांचा पगार विद्यापीठाकडून येत होता. मोर्चात गेल्या तर वरिष्ठांशी वाकडं. गेल्या नाहीत, तर ज्यांच्यामुळे केंद्र आहे त्या मुलांशी दगाफटका. व्यवस्थापनाच्या पुस्तकात याला हितसंबंधांचा संघर्ष म्हणतील. मला तो शब्द अपुरा वाटतो. हितसंबंध असते तर काही तरी देवाणघेवाण करून मिटलं असतं. इथं दोन वेगवेगळ्या लोकांना दिलेला शब्द पाळायचा होता.

प्रोव्होस्ट, म्हणजे विद्यापीठाच्या शैक्षणिक कारभाराचे प्रमुख, रिचर्ड मॅकॉर्मिक यांच्या अध्यक्षतेखाली एक गट नेमला गेला. त्या शरद ऋतूतच हार्डिन यांनी स्वतंत्र इमारतीला मान्यता दिली आणि अनेकांना वाटलं, संपलं.

जागेचा वाद

संपलं नव्हतं. विद्यार्थ्यांना इमारत हवी होती विल्सन ग्रंथालय आणि डे हॉल यांच्या मधल्या मोकळ्या जागेवर, आवाराच्या मधोमध. विश्वस्तांचं मत होतं कोकर वुड्सचं, रस्त्यापलीकडच्या झाडीतलं. एप्रिल 1993 मध्ये विद्यार्थ्यांनी साउथ बिल्डिंगमध्ये ठिय्या दिला आणि सोळा जणांना अटक झाली. जुलैमध्ये विश्वस्तांनी कोकर वुड्सवरच शिक्कामोर्तब केलं.

नकाशा काढून पाहिलं तर दोन्ही जागांमध्ये साउथ रोड ओलांडून काही मिनिटांच्या चालण्याचंच अंतर आहे. त्यामुळे प्रथम वाटतं, एवढ्यासाठी मुलांनी अटक का करून घेतली? ज्यांच्या घरात भाऊबंदकीत जागेची वाटणी झाली आहे त्यांना हे लगेच उमगेल. तीन हात जमिनीसाठी माणसं कोर्टात जातात ती त्या तीन हातांसाठी जात नाहीत, त्यांना विचारलं गेलं नाही म्हणून जातात. मधली जागा मागण्यात एक साधी गोष्ट होती: आम्हाला कडेला बसवू नका. ठरवणारे दुसरेच होते, आणि नेमकं हेच मुलांना बदलायचं होतं.

आणखी एक अट होती आणि तिची झळ पुढच्या संचालकांना बसली. इमारत खासगी देणग्यांतून उभी करायची. 1993 चा निर्णय, भूमिपूजन एप्रिल 2001 मध्ये. मधली आठ वर्षं हे केंद्र कागदावर भव्य होतं आणि प्रत्यक्षात विद्यार्थी भवनातल्या एका खोलीत होतं.

या वर्षांबद्दल लिहायला मोर्चे नाहीत, म्हणून बहुतेक लेखक तिथून पुढे उडी मारतात. मला मात्र ही वर्षं सगळ्यात कठीण वाटतात. विद्यार्थी चार वर्षांनी पदवी घेऊन जातात. 1992 च्या मोर्चात चाललेलं मूल 1996 मध्ये नोकरीला लागलेलं असतं आणि नव्यानं आलेल्या मुलाला तो मोर्चा ऐकीव असतो. आंदोलनाची आठवण विद्यार्थ्यांकडे टिकत नाही, ती टिकते केंद्र चालवणाऱ्यांकडे. दर ऑगस्टला नवी तुकडी येते आणि कुणीतरी तिला पहिल्यापासून सांगतं की हे नाव कुणाचं, ही खोली एवढीशी का आणि आपण थांबलो आहोत ते कशासाठी.

या काळात माणसंही बदलली. क्रॉफर्ड यांच्यानंतर हॅरल्ड वुडर्ड यांनी काही काळ प्रभारी म्हणून पाहिलं. मग इतिहासकार जेराल्ड हॉर्न आले. त्यांचा अभ्यास अमेरिकेच्या सीमांत मावणारा नव्हता, आफ्रिका, कॅरिबियन आणि आशियापर्यंत जाणारा होता. त्यांच्यानंतर पत्रकारितेचे प्राध्यापक हॅरी अमाना यांनी धुरा सांभाळली, तीही हंगामी. प्रभारी, हंगामी, तात्पुरती जागा: या केंद्राच्या पहिल्या काही वर्षांत हे शब्द फार वेळा येतात. यात कुणा एका व्यक्तीचा दोष नाही. पण जी संस्था स्वतःला हंगामी समजू लागते तिच्याकडे देणगीदारही हंगामी नजरेनंच पाहतात, आणि हे ओझं त्या त्या वेळच्या संचालकाच्या खांद्यावर येतं.

1992 च्या त्या चार खेळाडूंपैकी हिचकॉक पुढे व्यावसायिक फुटबॉल खेळले. आज इमारतीतल्या बहुउद्देशीय सभागृहाचं नाव हिचकॉक रूम आहे.

इमारत आणि तिचा अर्थ

जोसेफ जॉर्डन 2001 मध्ये आले. त्याआधी ते अटलांटातल्या ऑबर्न अॅव्हेन्यू संशोधन ग्रंथालयात होते. अमेरिकेत कृष्णवर्णीयांना जमावानं मारल्याच्या, त्याच जमावानं आठवण म्हणून काढून ठेवलेल्या छायाचित्रांचं 2002 मधलं अटलांटातलं प्रदर्शन त्यांनीच मांडलं होतं. तशी छायाचित्रं भिंतीवर लावताना प्रत्येक चौकटीखाली काय लिहायचं, किती उजेड ठेवायचा, लहान मुलं आली तर कुठून न्यायची, याचा विचार करावा लागतो. असं काम केलेला माणूस संस्कृती केंद्राकडे करमणुकीची जागा म्हणून पाहूच शकत नाही.

इमारतीचा आराखडा डरहॅमच्या फिल फ्रीलन यांच्या कार्यालयाचा. हेच फ्रीलन पुढे वॉशिंग्टनच्या आफ्रिकन अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या वास्तुरचनाकारांपैकी एक झाले. 21 ऑगस्ट 2004 रोजी इमारत खुली झाली. क्षेत्रफळ सुमारे 44,500 चौरस फूट, म्हणजे आधीच्या खोलीच्या जवळपास पन्नासपट, आणि खर्च नव्वद लाख डॉलरच्या आसपास. नावातही इतिहास हा शब्द आला होता.

आत काय असावं, हे ठरवण्यात मला या प्रकरणाचं मर्म दिसतं. प्रवेशाशेजारी रॉबर्ट आणि सॅली ब्राउन यांच्या नावाचं कलादालन. साडेतीनशेच्या वर खुर्च्यांचं नाट्यगृह. नृत्याची खोली. वर ग्रंथालय, तेही विद्यापीठाच्या ग्रंथालय व्यवस्थेचीच एक शाखा. आणि सर्वसाधारण वर्गखोल्या, ज्यांत विद्यापीठातल्या कुठल्याही विषयाचा तास लागू शकतो.

वर्गखोल्यांची ही गोष्ट किरकोळ वाटेल, पण ती थोडा वेळ डोळ्यांसमोर आणा. सकाळची वेळ. वेगळ्याच विषयाच्या तासाला आलेली, या केंद्राशी काही देणंघेणं नसलेली मुलं पाठीवर दप्तर टाकून आत येतात आणि कलादालनावरून जातात. एखादा थांबतो, एक चित्र पाहतो, घड्याळ बघून धावत जिना चढतो. पुढच्या आठवड्यात पुन्हा थांबतो. त्याला कुणी बोलावलेलं नसतं आणि कुणी अडवलेलंही नसतं. दहा वर्षांपूर्वी चावडी की गढी म्हणून जो प्रश्न विचारला गेला, त्याला भाषणानं उत्तर देता आलं नव्हतं. उत्तर या जिन्यावर मिळतं, आणि ते केंद्रातली माणसं रोज कसं वागतात यावर टिकून असतं.

कार्यक्रमांची निवडही त्याच दिशेनं झाली. विद्यार्थ्यांना परदेशी अभ्यासाला पाठवणारी शिष्यवृत्ती, आफ्रिकी वंशाच्या जगभरातल्या लोकांच्या चित्रपटांचा महोत्सव, गावातल्या शाळकरी मुलांसाठी अभ्यासाला मदत. यातली शेवटची गोष्ट मला स्टोन बाईंच्या सगळ्यात जवळची वाटते. चॅपल हिलमध्ये विद्यापीठ आणि तिथली जुनी कृष्णवर्णीय वस्ती एकमेकांना खेटून आहेत. त्या वस्तीतले कितीतरी आजीआजोबा विद्यापीठात झाडलोट आणि स्वयंपाक करून जगले. त्यांच्या नातवंडांसाठी त्या इमारतीचं दार उघडं असणं म्हणजे 1992 च्या कागदावरच्या तिसऱ्या मागणीचीच आठवण ठेवणं आहे.

जागेबद्दल जाता जाता एक सांगायला हवं. ही इमारत ज्या स्टेडियमजवळ आहे ते केनन स्टेडियम. ते ज्यांच्या स्मरणार्थ बांधलं गेलं त्या विल्यम केनन थोरल्यांचा 1898 मध्ये विल्मिंग्टनला गोऱ्या जमावानं केलेल्या कृष्णवर्णीयांच्या हत्याकांडात हात होता. 2018 मध्ये विद्यापीठानं तो स्मरणलेख बदलून मुलाच्या नावावर केला. जी जागा कडेची म्हणून विद्यार्थ्यांनी नाकारली होती, तिला अशा शेजारामुळे एक वेगळंच वजन आलं आहे.

आताचा काळ

जॉर्डन यांनी वीस वर्षांच्या आसपास केंद्र चालवलं. मधल्या काळात विद्यापीठाच्या शैक्षणिक प्रशासनात उपप्रोव्होस्टची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. 2022 मध्ये विल्यम्स कॉलेजमधून लेरॉंडा मॅनिगॉल्ट-ब्रायंट संचालक म्हणून आल्या. त्या धर्म आणि कृष्णवर्णीय स्त्रियांच्या जीवनाच्या अभ्यासक.

त्या आल्या त्या सुमारास वारं फिरत होतं. 2015 मध्येच राज्याच्या विद्यापीठ व्यवस्थेच्या नियामक मंडळानं दारिद्र्याच्या अभ्यासाच्या केंद्रासह तीन केंद्रं बंद केली होती. मे 2024 मध्ये त्याच मंडळानं विविधता आणि समावेशनाबद्दलचं आधीचं धोरण रद्द केलं. त्याच वर्षी दूर युटामध्ये राज्याचा नवा कायदा लागू झाल्यावर युटा विद्यापीठानं आपलं ब्लॅक कल्चरल सेंटर बंद केलं. ते 2019 मध्ये सुरू झालं होतं. पाच वर्षांत दार उघडलं आणि मिटलंही.

दोन केंद्रांच्या नशिबाची सरळ तुलना करणं बरोबर नाही. राज्यं वेगळी, कायदे वेगळे, वयंही वेगळी. तरीही स्टोन सेंटर चालवणाऱ्यांनी ग्रंथालय, कलादालन आणि संशोधन यांवर जो भर दिला, तो मला आज दूरदृष्टीचा वाटतो. ज्या काळी विद्यार्थ्यांना फक्त आपली बैठक हवी होती, त्या काळात काहींना तो भर कोरडा वाटला असेल. बैठक एका पत्रानं बंद करता येते. पुस्तकांची शाखा, वर्गखोल्या, नाट्यगृह आणि शेजारच्या शाळेतली मुलं ज्या इमारतीत गुंतलेली आहेत, ती बंद करताना प्रत्येक धागा वेगळा सोडवावा लागतो.

याची किंमतही आहे, आणि ती लपवू नये. इमारत जितकी सगळ्यांची होते, तितकं वर्गात एकट्या बसणाऱ्या त्या मुलाला आपलं म्हणायला कमी उरतं. उपेंडोच्या खोलीत आणि विद्यार्थी भवनातल्या त्या नऊशे चौरस फुटांत जी ऊब असेल, ती तीन मजल्यांत आपोआप येत नाही. ती मुद्दाम आणावी लागते. कुणाला तरी मुलांची नावं लक्षात ठेवावी लागतात, संध्याकाळी थोडं उशिरापर्यंत थांबावं लागतं, आणि दुपारी येऊन काही न बोलता बसणाऱ्यासाठी अजूनही एक खुर्ची रिकामी ठेवावी लागते.